बाजार दुपारी कशाला?

प्रिय ताई,

आधी दोन शब्द भाऊजींसाठी, कारण हे पत्र तुला तेच वाचून दाखवणार. भाऊजी, चहा पिऊन मगच बसा, पत्र लांब आहे. आणि मधली वाक्यं गाळू नका. बायकोपासून काही लपवायचं असलं की तुम्हाला खोकला येतो, हे आम्हा दोघींना तुमच्या लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून ठाऊक आहे. हे सगळं मी फोनवरही बोलले असते, पण फोनवर ताई मला मधेच तोडते आणि मग मी भलतंच काहीतरी बोलून फोन ठेवते. पत्राला तोडता येत नाही.

ताई, मला शनिवारपर्यंत तुझा होकार हवा आहे. आपल्या दोन जागा तोवरच राखून ठेवल्या आहेत. त्यानंतर त्या दुसऱ्या कुणाला जातील, आणि डिसेंबरात त्या गाड्यांना पुन्हा जागा मिळणं कठीण, हे मी सांगायला नको. तू आजवर तीनदा नाही म्हणालीस. पहिल्यांदा थंडीचं कारण दिलंस. दुसऱ्यांदा भाऊजींच्या जेवणाचं, जणू आठ दिवसांत ते वाळून काष्ठ होणार आहेत. तिसऱ्यांदा मात्र तू सरळच विचारलंस, "मला काय दिसणार आहे तिथे? तू डोंगर बघणार, की माझा हात धरून बसणार?" त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला बसले आहे, पण मला माहीत आहे, मी वळसे घेणार. घेऊ दे.

आधी बेत पुन्हा एकदा ऐक. परदेशातल्या बर्फाच्या डोंगरांत आठ दिवस, पाच गाड्या, नाताळचे तीन दिव्यांचे बाजार. चार महिने मी कचेरीतून आल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर वेळापत्रकं पसरून बसते आहे. सव्वीस वर्षं आरक्षणाच्या खिडकीमागे बसून मी हजारो माणसांना खिडकीशेजारी बसवलं. स्वतः मात्र मावशीच्या गावापलीकडे गेले नाही. त्यामुळे पहिल्या आराखड्यात काय घोळ घातला होता आठवतंय ना? दरी डाव्या हाताला म्हणून मी सगळीकडे डावीकडची खिडकी घेतली. पंधरा दिवसांनी लक्षात आलं की मधल्या एका स्टेशनात गाडी तोंड फिरवते, इंजिन शेपटाकडे लागतं आणि डाव्याचं उजवं होतं. म्हणजे जगाला शहाणपण शिकवणारी मी, आणि स्वतःच्या खेपेला तीन तास कातळाकडे तोंड करून बसायची पक्की सोय केली होती. तू पोट धरून हसलीस. मग म्हणालीस, मला कुठल्याही बाजूला बसव, सारखंच आहे. तेव्हा मला हसता आलं नाही.

ती गाडी आपण पहिल्यांदा कुठे पाहिली ते तुला मी सांगायला नको, पण सांगते. बाबांनी यार्डातल्या कचेरीतून आणलेलं ते कॅलेंडर. शेवटच्या पानावर दगडी कमानींचा पूल, त्यावर लाल गाडी, खाली पांढरीशुभ्र दरी. वर्ष संपलं तरी ते पान कुणी काढलं नाही. फोडणीचे शिंतोडे उडून उडून बर्फ पिवळा पडला. तू मला स्टुलावर उभं करायचीस आणि एकेका खिडकीत माणसं बसवायचीस. पहिल्या खिडकीत दाढ दुखणारा न्यायाधीश, दुसरीत नवऱ्यावर रुसलेली गायिका, तिसरीत आपला पिंजरा विसरून आलेला पोपटवाला. सातवी खिडकी रिकामी होती. ती आपली, असं तू म्हणायचीस, आपण अजून चढायचो आहोत. मला तेव्हा खरंच वाटायचं की गाडी आपल्यासाठी पुलावर खोळंबली आहे. मी स्टुलावरून उडी मारून चपला शोधायला धावायचे. तेव्हापासून बाबांनी नावं पाडली, ताई आणि घाई.

बाबांची आठवण हल्ली फार येते. संध्याकाळ झाली की ते अंगणाच्या फाटकाशी उभे राहायचे आणि तुला हाक मारायचे, "चल गं, सोबत ये." रोज तुलाच. मला इतका राग यायचा, की एकदा मी त्यांच्या चपला चुलीमागे लपवून ठेवल्या. मला वाटायचं, थोरली लाडकी. तू बारा वर्षांची होतीस, आणि तुझा खांदा बरोबर त्यांच्या हाताच्या उंचीला यायचा, हे समजायला मला चाळिशी उलटावी लागली. यार्डातले डबे मोजताना ते ठेचकाळायचे, एकदा रुळांमधे पडले, तेव्हा लोक म्हणाले पिऊन येतो. आयुष्यात थेंबाला न शिवलेला माणूस. पण त्यांनी ती बदनामी मुकाट्याने सोसली. अंधार पडला की आपल्याला दिसत नाही, हे मात्र मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. तुलासुद्धा नाही. तू फक्त खांदा देत राहिलीस. आपल्या घरात लपवण्याची हौसच मोठी.

मग तुझी पाळी आली. तू मशीनवर बसून हिरव्या झग्याला निळी बाही जोडलीस आणि गिऱ्हाइकाने झगा तुझ्या अंगावर फेकला, तो दिवस. नंतर डॉक्टर, थेंब, काळ्या खोलीतली यंत्रं. हे रक्तातून येतं, बहिणीलाही तपासून घ्या, असं त्यांनी सांगितल्यावर तू पांढरी काठी घेऊन पहिल्यांदाच एकटी बसने माझ्याकडे आलीस. तीन जिने चढून आलीस. दारातच विचारलंस, आणि मी म्हटलं की माझे डोळे साफ आहेत. तू तिथेच, चपलांच्या शेजारी, जमिनीवर बसलीस आणि रडलीस. स्वतःसाठी मी तुला कधी रडताना पाहिलं नाही, त्या दिवशी माझ्यासाठी रडलीस. "एक तरी सुटली," एवढंच म्हणत होतीस. चार वर्षं झाली, पण पायपुसणं झटकताना अजून तीच जागा डोळ्यांपुढे येते.

आता इकडच्या बातम्या. माझी बढती झाली असं मी तुला सांगितलं होतं. ती बढती नव्हती. गेल्या महिन्यात एक बाई फॉर्म पुढे करून माझ्या खिडकीशी उभी होती, जरा उजव्या अंगाला. मी आपली तिच्या मागच्यांना पुढे या, पुढे या म्हणत राहिले. एकदा नाही, तीनदा. तिने वर जाऊन तक्रार केली, की ही बाई माजली आहे, समोरच्या माणसाकडे बघतसुद्धा नाही. साहेब भले आहेत. त्यांनी मला चौकशीच्या फोनवर बसवलं, तिथे आराम आहे म्हणाले. तिथे खिडकी नाही, काच नाही, नुसता कानाला आवाज. शेजारची कारकून मुलगी मला रोज स्टेशनापर्यंत सोडायला येते. तिला वाटतं मी एकटी म्हणून कंटाळते. घरात ते जुनं स्टूल दोनदा नडगीला लागलं, कपाटाचं दार कपाळाला. वय झालं, म्हणून मी हसण्यावारी नेते.

तुझ्यासाठी तिथे काय आहे याची मी एक यादीच केली होती, तुला पटवायला. तिसरी गाडी चढावर दात्यांच्या रुळावरून जाते, आणि चाकाचे दात एकेक करून अडकताना तळपायाला समजतात. बर्फ पडत असला की सगळ्या गावाचा आवाज कुणी उशीखाली दाबल्यासारखा होतो. बाजारात लाकडी टपऱ्या, मेणाचा वास, भाजक्या बदामांचा वास, लोकरीचे गुंडे. तू बोटांनी कापडाची जात ओळखतेस, तिथल्या विणकरांशी तू भाषेवाचून भांडशील याची मला खात्री आहे. ही यादी खोटी नाही. पण ती पुरेशीही नाही, हे मला लिहितानाच जाणवत होतं.

आणि मग गेल्या रविवारचा फोन. मी तुला सगळा बेत तासातासाने वाचून दाखवत होते. प्रत्येक ठिकाणी गाडी बदलायला निदान पाऊण तास. प्रत्येक मुक्काम स्टेशनाला चिकटून. रोज चारच्या आत खोलीवर परत. तू म्हणालीस, अगं, मी गुंड्या-दोऱ्याच्या दुकानात एकटी जाते आणि येते, मला चार काय आणि आठ काय, एवढी कुणाची काळजी घेते आहेस? मी म्हटलं, तुझीच. मी पुढे वाचत गेले. आणि बाजारांच्या वेळा आल्या तशी तू मला थांबवलंस. "बाजार दुपारी कशाला गं?" म्हणालीस. "दिवे तर संध्याकाळी लागतात ना?" मी दुपारी गर्दी कमी असते असं काहीतरी सांगितलं. तू त्याच वेळा मला पुन्हा वाचायला लावल्यास. तुला ते पटलं नाही, हे मला त्यावरूनच कळलं. सव्वीस वर्षं आरक्षणात काढलेली बाई दिव्यांचा बाजार उन्हात बघायला निघाली आहे. चूक पकडली ती जिला दिसत नाही तिने.

भाऊजी, आता खोकू नका, सलग वाचा. ताई, त्या दिवशी तू दारात विचारलंस तेव्हा मी डोळे तपासलेच नव्हते. भीती वाटली होती म्हणून गेले नव्हते, आणि तुझा चेहरा बघून तोंडातून खोटं निघून गेलं. नंतर तू इतकी निवांत झालीस की ते मागे घ्यायची हिंमत झाली नाही. दोन महिन्यांपूर्वी गेले. जे बाबांचं, जे तुझं, तेच माझं. मधलं अजून स्वच्छ आहे, कडा गेल्या आहेत; डॉक्टर म्हणाले तीन हिवाळे, फार तर चार. म्हणजे एकही सुटली नाही, ताई. ते तुझं वाक्य मी चार वर्षं चोरून वापरलं, आज परत करते आहे, मला माफ कर. पाऊण तास, चिकटून मुक्काम, चारच्या आत परत, हे सगळं मी माझ्यासाठी आखलं होतं आणि तुझ्या नावावर खपवलं. दिवस मावळला की मला पायरी दिसत नाही, समोरचा माणूस दिसत नाही, मी खोलीतून बाहेर पडत नाही. तू विचारलंस, तुला काय दिसणार. तुला काही दिसावं म्हणून मी बोलावत नाही गं. मला ते दिवे बघायचे आहेत, अजून दिसताहेत तोवर, आणि त्यांच्यापर्यंत अंधारातून जायची मला भीती वाटते. तुला जाता येतं, मला अजून शिकायचं आहे. काल मी बेत बदलला. दुसऱ्या गावचा बाजार आता संध्याकाळी सहाला आहे. तिथल्या मुक्कामाच्या मालकिणीला मी फोन केला. ती बिचारी स्वतः चालून मोजून आली, दारापासून पहिल्या टपरीपर्यंत तीनशे चाळीस पावलं, दोन वळणं, अकरा पायऱ्या. पायऱ्या तू मोज, मी तुझं कोपर धरीन. दिवे आले की ते कुठे आणि कसे आहेत ते मी सांगत जाईन, पोपटवाल्यासकट, एकही खिडकी न गाळता. शनिवारी फोन कर. आधी मला वाटेल तेवढं बोल, मी मधे तोडणार नाही. आणि मग हो म्हण. चल गं, सोबत ये.

तुझीच,
घाई