गौरीचे हात

आई, अंगणातल्या तुझ्या वाळूत यंदा गौरीचे हात फुललेत. लाल-पिवळ्या, वर वळलेल्या पाकळ्या, अगदी बोटांसारख्या. अंधेरीत आता हे फूल कुणी ओळखत नाही. समोरच्या सोसायटीचे सेक्रेटरी कुंपणावरून म्हणाले, "बाई, हे जंगली काय वाढवलंय? गुलाब लावा ना." म्हटलं, "तुमच्या टीव्हीवर प्लास्टिकचे आहेत तेवढे पुरेत."

तुझं शेवटचं वर्ष. दिवाळीनंतर वेल वाळून दिसेनासा होतो आणि तू खाटेवरून बजावतेस, "मेलो नाय गो तो. निजलो हा. पाणी घालू नको." पण कॉन्व्हेंटात बागकामाचं बक्षीस मिळवलेली मी! वाळूत कधी काही जगतं का? तू गेलीस आणि मी काळी माती आणली, शेणखत घातलं, उन्हाळाभर रोज दोन बादल्या पाणी ओतलं. तुझ्यासाठी करण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं. जूनमध्ये उकरून पाहिलं, तर तुझ्या वेलाचा कंद बोटांत लिबलिबीत झाला.

गौरी आल्या. वहिनीने सहज विचारलं, "वन्सं, हात कुठायत?" मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तुम्हीच उपटलेत, तण समजून!" ती रडली. "देवाशप्पथ, मी तिकडे फिरकलेसुद्धा नाही." दादा ताटावरून उठला. त्यानंतर दोघं या घरी गौरीला आलेले नाहीत. मी एकटीच नुसत्या तेरड्याची गौर बसवते.

गेल्या हिवाळ्यात आपल्या मासळीवाल्या मावशीने किनाऱ्यावरून एक कंद आणून दिला. "बाय, हात धू. इखारी हाय." काळी माती उपसून मी वाळू भरली, कंद पुरला. उन्हाळाभर भरलेली बादली घेऊन पायरीवर बसायचे आणि तशीच आत न्यायचे. तुझं ऐकायला मला इतकी वर्षं लागली.

उद्या गौरी यायच्या. तेरड्याच्या जुडीला हात बांधायला दोघी लागतात. एकीने धरायचं, दुसरीने दोरा गुंडाळायचा. वहिनीसाठी पोस्टकार्ड आणून आठवडा झाला. 'कंद मी कुजवला, तुम्ही या,' एवढंच लिहायचं होतं. अजून त्यावर फक्त पत्ता आहे. आता टाकलं तरी उद्यापर्यंत पोचायचं नाही. खरं सांगू? पोचू नये म्हणूनच आजवर थांबले.