हायचं आहे करणारा किडा

पोलादपूर. मंगळवार, दिवेलागण.

मी सांगते, नात सुप्रिया लॅपटॉपवर माझी रोजनिशी लिहिते. आज म्हटलं, मागलं एखादं पान वाच गो. वाचलं तिने. "झोप कमी आहे. अंग दुखत आहे." ही कोण पुण्याची बाई?

"मी हाय म्हणते आणि तू आहे लिहितेस?"

"नाय गो आजी, मी हायच लिहिते. फाईल बंद करताना बदलतंय."

फाईलच्या पोटात मॅक्रो निघाला, म्हणजे आपोआप शब्द बदलणारा छुपा हुकूम. मला माकड ऐकू आलं. माकड निदान दिसतं तरी, याचं तर फाईलमधल्या मॅक्रोंच्या यादीतही नाव नव्हतं. सुप्रिया आत शिरली तेव्हा सापडला. प्रत्येक हायचं आहे करत बसलेला. वांगं चिरावं आणि आत अळी वळवळावी, तशी किळस आली.

फाईल महाडच्या जावयाने करून दिलेली. फोन लावला.

"आई, लोक हसतील म्हणून शुद्ध केलं."

"जावईबापू, माझं तोंड विसळायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

सुप्रियाने मॅक्रो काढला. म्हणाली, जुन्या पानांत सगळ्या आहेचं एका झटक्यात हाय करते. नको गो, मग पानांतला डॉक्टरपण हाय बोलायला लागेल! एकेक पान वाचूनच नीट करायचं.

पहिलं काढलं ते म्हातारा गेला त्या दिवसाचं. माझा हात धरून म्हणाला होता, "घाबरू नको गो, मी हाय." पानावर काय, तर "मी आहे."

शी! त्या माणसाने जन्मात मला कधी आहे म्हटलं नव्हतं.