दोन झेंड्यांच्या उंचीबाबत शेवटची इच्छा

मी, खाली सही करणारी, राजशिष्टाचार खात्यातून निवृत्त झालेली अधीक्षिका, अविवाहित, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, राहणार स्वतःच्या घराच्या पहिल्या मजल्यावर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसे डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. दडपणाचे म्हणाल तर मला दडपू शकेल असे माणूस जगात एकच आहे. ती दुसऱ्या मजल्यावर राहते आणि या क्षणी माझ्या खुर्चीमागे उभी राहून हे वाचत आहे.

यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे मी रद्द करते.

कलम १. घर. हे घर वडिलांनी बांधले. ते माझ्या एकटीच्या नावावर आहे, कारण माझ्या बहिणीने परदेशी माणसाशी लग्न करून त्याच्या देशाचे नागरिकत्व घेतले तेव्हा वडिलांनी तिचे नाव कागदांतून काढले. घरात तिला सगळे धाकटी म्हणतात, सत्तरी उलटली तरी. नवरा गेल्यावर ती परत आली, दोन बॅगा आणि एक झेंडा घेऊन. मी तिला वरचा मजला उघडून दिला. तिच्या देशाच्या राष्ट्रीय दिवशी सकाळी तिने तो झेंडा वरच्या गॅलरीत लावला आणि भांडण सुरू झाले.

ज्यांना माहीत नाही (म्हणजे बहुतेक सगळे) त्यांच्यासाठी लिहिते. आमच्या खात्याचा नियम असा: परक्या देशाचा झेंडा एकटा लावू नये, शेजारी आपला हवा. दोन्ही एका मापाचे आणि एका उंचीवर. शांततेच्या काळात कोणाचा झेंडा कोणाच्या वर नाही. नोकरीत मी गवंडी पातळी बघायला वापरतात ती पाण्याची नळी लावून खांबांची उंची तपासत असे. ज्याचे नाव आमच्या साहेबांना धड उच्चारता येत नसे असा चिमूटभर देश बड्या देशाच्या शेजारी वर चढायचा आणि बोटभरही कमी भरायचा नाही. दर वेळी माझ्या अंगावर काटा यायचा. बरोबरी नावाची वस्तू मी डोळ्यांनी पाहिली ती तेवढीच.

तर नियमाप्रमाणे मी माझा झेंडा माझ्या गॅलरीत लावला. तिचा अर्थातच त्याच्या वर.

"खाली घे तो," मी ओरडले.

"ताई, मी वर राहते. झेंडा कुठे लावू, जिन्यात?"

"तुझा देश माझ्या देशाच्या डोक्यावर बसलाय!"

"मग तू वर राहायला ये. माझे गुडघे तरी सुटतील."

पुढच्या वर्षी मी लांब काठी आणली. तिचे टोक वरच्या गॅलरीच्या फरशीला खालून टेकले. म्हणजे माझा झेंडा तिच्या चपलांखाली! त्या दिवसापासून बोलणे बंद. औषधे, विजेचे बिल, पाण्याची टाकी, सगळे निरोप तळमजल्यावरचे भाडेकरू दंतवैद्य पोचवत. बिचारे लोकांचे दात सोडून आमची तोंडे सांभाळत बसले.

गेल्या वर्षी त्या दिवशी माझा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. माझा झेंडा लावणे शक्य नव्हते, म्हणजे तिलाही लावता येणार नव्हता. तरी ती लावणारच, माझ्या छातीवर नाचवणारच, अशी खात्री बाळगून मी औषध घेऊन झोपले. दुपारी जाग आली तर गॅलरीत दोन झेंडे. माझा माझ्या काठीवर, सुलटा, कपाटातून काढून इस्त्री केलेला. आणि शेजारी, आडव्या काठीला लावून वरून दोरीने सोडलेला, तिचा. दोन्ही एका रेषेत. वर पाहिले तर धाकटी कठड्याशी दोन्ही हातांनी दोरी धरून उभी.

"बांधत का नाहीस?" मी म्हणाले.

"बांधला की वाऱ्याने वर उडतो. मग तुझं खातं जागं होतं."

"बस तरी."

"बसले तर खाली जातो."

सूर्यास्तापर्यंत ती बसली नाही. मंत्र्यांनी आणि राजदूतांनी कधी उठायचे हे मी जन्मभर सांगत आले. त्या दिवशी मला कोणी सांगितले नाही, तरी मी उभी होते आणि बसता येत नव्हते. कापड वाऱ्यावर हलत होते. इतकी वर्षे मला वाटे की झेंडे खांबांवर उभे राहतात.

"उतरवताना आधी कोण?" तिने वरून विचारले.

"एकदम," मी म्हणाले आणि डाव्या हाताने माझ्या झेंड्याची दोरी सोडली.

आता वेल्डरकडून माझ्या कठड्याला काठ्या खोचायला दोन लोखंडी नळकांडी बसवून घेतली आहेत, पाण्याच्या नळीने उंची तपासून. ती खाली येते आणि दोघी मिळून लावतो.

म्हणून: घर मी माझ्या भाच्याला, म्हणजे चुलतभावाच्या मुलाला, देते, पण धाकटी असेपर्यंत दुसरा मजला तिचा, आणि माझी गॅलरी तिला कायम उघडी. तिच्या त्या दिवशी भाच्याने स्वतः येऊन तिच्या झेंड्याशेजारी आपला लावावा. नोकर पाठवू नये. त्याने हे केले नाही तर तिला तिचा लावता येणार नाही. मी गेल्यावरची मला काळजी आहे ती एवढीच. "आत्या, एका कापडासाठी एवढं?" असे तो म्हणाला. मी म्हटले, तुझ्या पाकिटातले कागद दे मग मला, तेही कागदच आहेत. अट मोडल्यास घर माझ्या खात्याच्या पेन्शनरांच्या संघाला जाईल. ते अतिशय भांडकुदळ लोक आहेत.

कलम २. बँकेतली शिल्लक धाकटीला. तिने ती गुडघ्यांवर खर्च करावी, दिवंगत नवऱ्याच्या फोटोच्या चौकटींवर नव्हे.

कलम ३. पाण्याची नळी भाच्याला. इस्त्री धाकटीला. माझ्या माजी साहेबांनी भर समारंभात झेंडा उलटा चढवून "बाईंनी दिला तसा लावला" असे सांगितले होते. त्यांना मी काहीही देत नाही, आणि हे वाक्य त्यांना वाचून दाखवावे.

कलम ४. माझा झेंडा विरला तर त्याचे पायपुसणे, गाडीचे फडके किंवा सजावट होणार नाही. तो पूर्ण उघडून, चार माणसांच्या नजरेआड, आदराने जाळावा. दंतवैद्यांनी दवाखान्याच्या दारावर लावलेली कागदी झेंड्यांची माळ आजच काढावी. ती पावसात भिजून मातेरे झाली आहे.

कलम ५. माझ्या देहावर झेंडा घालू नये. मला तो मान नाही. माझ्यासाठी कोणताही झेंडा अर्ध्यावर उतरवू नये. त्याला सरकारी हुकूम लागतो.

इथे मागून आवाज आला. "मी माझा उतरवणार."

"तुझ्या देशाने कुठे हुकूम दिलाय?"

"विचारणारच नाही त्यांना."

"ते विचारतील, ही बाई कोण?"

"सांगेन. माझी ताई."



कलम ५, सुधारित. धाकटीने असे करू नये. पण मी तिला जन्मापासून ओळखते. मी जाईन त्या दिवशी तिने तिचा झेंडा लावलाच तर नियमाने शेजारी आपला लावावा लागेल. तिने अर्ध्यावर उतरवलाच तर दोन देश वेगळ्या उंचीवर ठेवता येत नाहीत. तेव्हा भाच्याने आपलाही तिथेच आणावा. हा माझा सन्मान नव्हे, ही बरोबरी आहे. दोन्ही आधी पूर्ण वर चढवावेत, क्षणभर तिथे ठेवावेत आणि मग एकदम अर्ध्यावर आणावेत.

धाकटीला खुर्ची द्यावी. ती बसणार नाही.

वाचून, समजून, साक्षीदारांदेखत सही केली.

(सही) मृत्युपत्र करणार

साक्षीदार:
१. (सही) तळमजल्यावरचे दंतवैद्य. माळ काढली आहे.
२. (सही) डॉक्टर, समोरचे घर
बहिणीला लाभ मिळत असल्याने तिची साक्षीदाराची सही घेतली नाही. ती रागावली आहे.

स्थळ: पहिला मजला, जेवणाचे टेबल
दिनांक: तिच्या देशाच्या राष्ट्रीय दिवसाचा दुसरा दिवस