रुख्माबाईंच्या नावचं मीटर

३ मार्च २०२५

एकवीस वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढल्यावर आज स्वतःच्या घरातला पहिला चहा प्यायले. घर फुलचूरला. एकामागे एक तीन खोल्या, मागे आंगण, आंगणात पेरू. सकाळीच अर्जुनी मोरगावहून आईला घेऊन आले. आई, म्हणजे पुष्पाबाई, वय बाहत्तर. येताना एक कट्टा तांदूळ, लाखोरीची डाळ आणि घरचा पाटासुद्धा घेऊन आली. तो पाटा गाडीत कुणाकडून चढवून घेतला, ते अजून सांगत नाही. मागची खोली थंड आहे म्हणून तिनं तीच धरली.

मी आयटीआयमध्ये मुलांना वायरिंग शिकवते. त्यामुळे सामान लावण्याआधी मीटर पाहणं आलंच. ते पुढच्या खोलीत, दाराच्या आतल्या बाजूला आहे. वीज खर्च होते तसा त्यातला लाल दिवा मिचकतो. खर्च जास्त तर मिचकणं जलद. सवयीनं आकडा लिहून ठेवते : ६१३४.

मीटर अजून रुख्माबाई तुरकर यांच्या नावानं आहे. घर विकणाऱ्या बिसनलालची ही आई, दोन वर्षांमागे वारली. तो म्हणाला, “नाव कोणाचंबी असो मॅडम, लाईट तं येऊन राहिली ना?” मी हसून सोडून दिलं. पण नाव या महिन्यात बदलून घेणार. माझं घर, माझं नाव.

रात्री आईनं पाटवड्या केल्या. दोघी आंगणात बसून जेवलो.

८ मार्च

पहिलं बिल आलं आणि डोकं फिरलं.

घर ऑक्टोबरपासून कुलूपबंद होतं. बिलावर मागच्या महिन्यांचे युनिट छापलेले असतात. ऑक्टोबर २६०, नोव्हेंबर २५२, डिसेंबर आणि जानेवारी पुन्हा २६०. बंद घरात! महिन्याच्या दिवसांनी भागून पाहिलं. दर वेळी ८.४. रोज, न चुकता, आठ पूर्णांक चार युनिट.

बिसनलालला त्याच्या भांड्यांच्या दुकानात फोन लावला. म्हणाला, घर पुरानं आहे, थोडंबहुत लीकेज होतं. मी सांगितलं की वीज म्हणजे बालदी नाही. मग विचारलं, हे सगळे महिने तुम्ही तक्रार न करता बिल भरलंत कसं? हा माणूस घर देताना बल्ब काढून घेऊन गेला होता. नळाच्या तोट्यासुद्धा. तो पाच महिने मुकाट्यानं भरतो?

त्यानं फोन ठेवून दिला. पुन्हा लावला तर उचलला नाही.

११ मार्च

अर्धी रजा टाकून वीज कार्यालयात गेले. एका खिडकीवरून दुसरीवर, दुसरीवरून जेवायची सुट्टी. शेवटी एकानं बिल पाहिलं आणि म्हणाला, वापर तुमचाच असेल. मी म्हटलं, घर बंद होतं. तो म्हणाला की घरात पुरुष माणूस कोणी असेल तर त्याला पाठवा, समजावून सांगतो.

मी आवाज चढवला. सांगितलं की तुमच्या खांबांवर चढणारी अर्धी पोरं माझ्या वर्गातून गेली आहेत. सगळं कार्यालय बघत राहिलं. मग अर्ज मुकाट्यानं घेतले. एक मीटर तपासणीचा, एक नाव बदलण्याचा. नावासाठी बिसनलालची ना-हरकत आणि त्याच्या आईचा मृत्यूचा दाखला लागेल.

घरी चालतच आले. रागानं.

१६ मार्च

रविवार. घरातलं सगळं बंद केलं. फ्रिज, पंखे, मोबाईलचा चार्जरसुद्धा. मेन स्विच खाली ओढला. दिवा मिचकतोच आहे.

मग मीटरमधून घरात जाणाऱ्या दोन्ही तारा स्वतःच्या हातानं सोडवल्या आणि टोकांना टेप गुंडाळली. आता मीटरमधून वीज बाहेर जायला वाटच नाही. स्टुलावर बसून घड्याळ लावलं. मिचकला. तीन सेकंदांनी मिचकला. पुन्हा तीन सेकंदांनी.

वीस वर्षं शिकवते आहे. असं होऊच शकत नाही.

आई मागून येऊन उभी राहिली. बराच वेळ दिव्याकडे पाहून म्हणाली, “अंजू, थे दिवा नाई वो. कोणीतरी दम घेऊन राहिलं.”

मी तिच्यावर ओरडले. तारा जोडल्या. ती जेवली नाही, मीही नाही.

२२ मार्च

तपासणीला सुखराम आला. माझाच जुना विद्यार्थी, आता लाईनमन. त्यानं मेन बंद ठेवून आमच्या मीटरला जोडून दुसरं लावलं. दुसरं शून्य, आमचं मिचकतं. खूश झालो दोघंही : मीटर खराब. त्यानं जुनं काढून नवंकोरं बसवलं.

नवंही मिचकतं. तितक्याच अंतरानं.

सुखरामनं चहा अर्धा ठेवला. मागच्या खोलीच्या दाराकडे पाहून म्हणाला की या घराच्या खांबावर तो आधी एकदा चढला होता, दोन वर्षांमागे, उन्हाळ्यात. कशाला, म्हणून विचारलं तर पिशवी उचलून निघून गेला. प्रत्येक माणूस अर्धंच का बोलतो आहे माझ्याशी?

२९ मार्च

आईला धाप लागते. फक्त मागच्या खोलीत, फक्त दुपारी. आंगणात आणलं की पाच मिनिटांत ठीक. डॉक्टरांनी फोटो काढला, छाती साफ आहे म्हणाले.

आज शेवटी तिनं सांगितलं. तिच्या खाटेच्या पायथ्याशी एक बाई बसलेली असते. म्हातारी, नाकात नळी. एकच विचारते, “लाईट आली का वो बाई?” आई तिला दर वेळी सांगते, आली माय, आली.

मी चिडून तिची खाट पुढच्या खोलीत आणली. मग एकटीच मागच्या खोलीत उभी राहिले. दुपारचे दोन. आधी काहीच नाही. मग जमिनीतून आल्यासारखी बारीक घरघर, आणि मधूनमधून फस्स.

तो आवाज माझ्या ओळखीचा आहे. कोरोनाच्या वर्षी आम्हाला ऑक्सिजनची मशीन दुरुस्त करायला शिकवलं होतं. घरी वापरायची, चाकांवरची. साडेतीनशे वॅटची. चोवीस तास चालली तर किती, ते कॅलेंडरच्या मागे गुणून पाहिलं.

८.४.

४ एप्रिल

बिसनलालनं दाखला दुकानातल्या माणसाच्या हाती कार्यालयात पाठवला. स्वतः आला नाही. दाखल्यावर मृत्यूची तारीख : ११ मे २०२३.

बाबूनं कागद लावायला जुनी फाईल उघडली. वरच एक अर्ज होता. बिसनलालचं अक्षर, बिसनलालची सही. घर बंद आहे, कोणी राहत नाही, वीजपुरवठा तात्पुरता बंद करावा. अर्जाची तारीख ९ मे. खाली कार्यालयाचा शेरा : पुरवठा खांबावरून बंद केला, ११ मे, दुपारी दोन.

तीनदा वाचलं. बाबूनं फाईल माझ्या हातातून काढून घेतली. तेवढ्यात मी मोबाईलवर फोटो काढला होता.

लिहिताना पेनानं कागद फाटला. चालेल.

५ एप्रिल

सुखरामला घरी बोलावलं आणि फोटो समोर धरला. रडायला लागला. म्हणाला, “मॅडम, दाराले बाहेरून कुलूप होतं. अर्जात लिहून होतं का कोणी नाही. मी खांबावर चढलो तं आतून ठोकल्यासारखा आवाज आला. गिलास ठोकल्यासारखा. मले वाटलं, बाजूच्या घरातून असन.”

मी विचारलं, किती वेळ? तर म्हणाला, उतरेपर्यंत.

त्याला घराबाहेर काढलं. गल्लीतले लोक पाहत होते.

९ एप्रिल

पोलिसांत गेले. साहेबांनी फोटो पाहिला, मोबाईल परत दिला. म्हणाले, बाई आजारी होती, वय झालं होतं, जाळूनही दोन वर्षं झाली. तारीख जुळली म्हणजे गुन्हा होत नाही. तुमचं त्या बाईशी नातं काय?

काही नाही. मी तिचं बिल भरते.

१२ एप्रिल

आईला भावाकडे, यादोरावकडे, गावी पोचवलं. जाताना माझा हात धरून म्हणाली, “तू बी चाल. थे बाई रागात नाई वो. तू रागात आहेस.”

मी घर सोडणार नाही. का सोडू? ज्यानं आईला कुलपात ठेवून लाईट कापली, तो बाजारात बसून भांडी विकतो. आणि मी पळू?

१७ एप्रिल

वर्गात एका पोराच्या हातातून पक्कड हिसकावली. त्याचं बोट कापलं. काही वाटलं नाही.

दुपारी मलाही धाप. तरी मागच्या खोलीतच बसते. ती दिसत नाही, ऐकू येते. आता लाईटचं विचारत नाही. विचारते, “बिसन कुठी आहे?”

आणते, म्हटलं. आणते त्याला.

१९ एप्रिल

बिसनलालनं फोन उचलला. ना-हरकतीवर सही घरीच लागेल, असं खोटं सांगितलं. नाही आलात तर बिल तुमच्या आईच्याच नावानं निघत राहील, जन्मभर.

म्हणाला, गुरुवारी येतो.

२४ एप्रिल

१२.४० — आला. उंबऱ्यावरच उभा. सही इथंच करतो म्हणाला. अर्जाचा फोटो दाखवला. घाम फुटला, पण मान खाली नाही.

“बुढी तं जाणारच होती मॅडम. दोन साल मशीन चालली. दिवसाचे आठ युनिट. वरतून थोडे.”

आठ. वरतून थोडे. पाठ आहे त्याला.

१२.५२ — मागच्या खोलीतून हाक आली. “बिसन.” मला आली, त्यालाही आली. चेहरा पांढरा. तरी गेला. कुणी ओढल्यासारखा नाही. लहानपणी हाक आल्यावर जातात, तसा.

तो आत गेला आणि मी बाहेरून कडी लावली. मी लावली. हे लिहून ठेवते.

१२.५८ — दार वाजवतो आहे. मॅडम म्हणतो. मग बाई म्हणतो.

१.०४ — घरातलं सगळं बंद करून मीटरसमोर बसले आहे. मिचक. पाच सेकंद. मिचक. आठ. ठोकणं हळू झालं. घे, बिसनलाल. आता तू मोज.

१.०९ — दिवा बंद.

मिचकतच नाही. पहिल्यांदाच. मशीनचा आवाजही नाही. घर इतकं शांत कधी—

१.१२ — धाप लागली. पण मी तर पुढच्या खोलीत. खिडकी उघडी. हवा आत येते आणि—

१.१५ — काय केलं मी. उघडते. उघडायलाच—

कडी काढली. वही हातातच. तो मेलेला नाही. आईच्या खाटेच्या जागी जमिनीवर निजला आहे. छाती वर, खाली. शांत. रंग चांगला. त्याचं डोकं कुणाच्या तरी मांडीवर—

दिसली. नाकात नळी नाही आता. लागत नाही. त्याच्या कपाळावरून हात फिरवते. राग नाही तोंडावर, त्याच्यासाठी नाही. तिला तो फक्त हवा होता. इतकंच विचारत होती. मीच—

उभं राहवत नाही. भिंतीला टेकून लिहि—

वर पाहिलं. माझ्याकडे पाहून राहिली. विचारते, माह्या लेकराले कोंडलं कोणं.

बोलायला श्वास नाही. वहीत आहे, वर लिहिलं आहे, मीच लि—

ती उठली. वही माग—