काशीत सोडलेलं दूध

कोल्हापूर,
६ जुलै २०२५

चि. सौ. भैरवीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्याविरुद्ध एक गंभीर तक्रार दाखल करण्यासाठी हे पत्र लिहितो आहे. उन्हाळ्यात तू पाठवलेली कांदा-लसूण चटणी हा सख्ख्या थोरल्या भावाच्या जिवावर उठण्याचा प्रकार आहे. आरोपीने मिरची दुप्पट घातली, हेतू स्पष्ट आहे आणि साक्षीला माझी जीभ आहे. आमटीत चिमूटभर पडली तरी तोंडात होळी पेटते. पूर्णिमा मात्र तीच आमटी शांतपणे ओरपते आणि वर मला विचारते की मीठ बरोबर आहे ना. म्हणजे तुम्ही नणंद-भावजय सामील आहात, हेही सिद्ध झालं.

फोन करत नाही, कारण तुमच्या त्या डोंगरात पाण्याच्या टाकीपाशी गेल्याशिवाय रेंज येत नाही आणि मला हल्ली बोलणंच नको वाटतं. दिवसभर वर्गात शब्द चालवून घेतले की संध्याकाळी जीभ कुणी काथ्याने घासल्यासारखी होते. संस्कृतच्या मास्तराचं दुसरं हत्यार तरी कोणतं? तिनेच असहकार पुकारला आहे.

आमचे पी.टी.चे विजयसिंह यांनी उपाय सुचवला. म्हणाले, सर, वाटीभर पांढरा रस्सा वरपा, जीभ कशी लोण्यागत हुतीय बघा की. मी शाकाहारी आहे हे त्यांना आम्ही नोकरीला लागल्यापासून ठाऊक आहे. ते फक्त आशा सोडत नाहीत.

माई कशी आहे? आमच्या तिसऱ्या मजल्याला लिफ्ट नाही म्हणून ती तुझ्याकडे राहते, तेवढ्याखातर तुझी शिक्षा निम्मी करतो. वसंतरावांना नमस्कार. लोभ असाच राहू दे, मिरची राहू देऊ नकोस.

तुझा दादा,
दत्तप्रसाद


मलकापूर,
११ जुलै २०२५

ती. दादास सा. न. वि. वि.

तक्रार फेटाळण्यात येत आहे. मिरची दरवर्षीचीच, माप दरवर्षीचंच. यांनी खाल्ली, माझ्या शाळेतल्या बायांनी डबे चाटूनपुसून खाल्ली, कुणाच्या जिवावर उठली नाही. तुझ्या बाजूने एकच साक्षीदार मिळाला, तो म्हणजे माई. तीही दोन महिने म्हणते आहे की भैरवी मला तिखटाने मारणार. म्हणून तिला नुसता वरणभात देते, तर तोही पोळतो म्हणे. ताट सरकवून ठेवते. हे म्हणतात, वय झालं की जेवणावरून कुरकुर चालायचीच, मनाला लावून घेऊ नको.

बाकी तिची तब्येत बरी आहे. चालताना भिंतीला हात लावून चालते एवढंच. परवा मला कुसुम म्हणून हाक मारली. कुसुममावशीला जाऊन किती वर्षं झाली! मी आपली कुसुम होऊन ओ दिली. काय करायचं?

तोंड पोळत असेल तर दूध पी, असं कुणालाही सांगितलं असतं. तुला कोणत्या तोंडाने सांगू? पाच वर्षांपूर्वी आपण काशीला गेलो. तिथे आवडती वस्तू सोडायची, तर शहाण्यासारखं मी कारलं सोडलं, जे मी जन्मात खाल्लं नव्हतं. तू बासुंदी सोडायला निघालास. तिथवर ठीक होतं. पण तुला घाटावरच्या गुरुजींशी वाद घालायचा होता. कार्य हे कारणात आधीपासूनच असतं, तस्मात् बासुंदी दुधात असतेच, तस्मात् बासुंदी सोडून दूध ठेवणारा माणूस स्वतःची फसवणूक करतो. गुरुजी गप्प झाले, लोकांनी माना डोलावल्या आणि जिंकलास म्हणून दूध, दही, ताक सगळं सोडून बसलास. माई बिचारी फणस सोडणार होती. लेकाने दूध सोडलं मग मी कशी पिऊ, म्हणून तिनेही सोडलं. आमची दूधवाली चिमणाबाई अजून रागावलेली आहे. आमच्या म्हशीनं आजीचं काय वाकडं केलंय, असं दर आठवड्याला विचारते.

जिभेला डॉक्टर दाखव. वहिनीला नमस्कार. रागावलास तरी माया कमी करू नकोस.

तुझी,
भैरवी


कोल्हापूर,
२६ जुलै २०२५

चि. सौ. भैरवीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

विजयसिंह शनिवारचे तुमच्याकडे गावी निघाले आहेत, त्यांच्या हाती हे पत्र देतो. पोस्टाचा भरवसा नाही आणि मला घाई आहे.

या पंधरवड्यात मी या शहरातली वैद्यकविद्या जिभेने चाटून पाहिली. दातांच्या डॉक्टरांनी एक निष्पाप दाढ घासली. दुसऱ्यांनी लावायला मलम दिलं, त्याने चहाला पुदिन्याचा वास येऊ लागला, बाकी काही झालं नाही. तिसऱ्यांनी तंबाखू खाता का, असं पुन्हा पुन्हा विचारलं आणि मी नाही म्हटलं की दर वेळी पूर्णिमाकडे बघितलं. प्रत्येकाने माझी जीभ पाहिली. ती ज्याच्या तोंडात आहे त्या माणसाकडे कुणी पाहिलं नाही. चिडून चिडून मी आणखी बोललो, त्याने ती आणखी दुखली.

चौथे डॉक्टर वेगळे निघाले. त्यांनी बॅटरी लावून जीभ बघितली आणि मला बूट काढायला सांगितले. मला वाटलं, कामाच्या गडबडीत माणूस चुकला. पण त्यांनी एक लोखंडी चिमटा झणकारून माझ्या अंगठ्यावर टेकवला आणि थरथर कळते का विचारलं. कळत नव्हती. पायाला मुंग्या येतात हे मी नव्या चपलांच्या माथी मारत होतो. मग दूधदुभतं किती घेता, हा प्रश्न आला. पूर्णिमाने माझ्याआधी काशीची सगळी कथा सांगितली, तर्कासकट. पित्ताची गोळी मी रोज सकाळी आपल्याच मनाने घेतो, हेही तिनेच सांगून टाकलं. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, जीभ ही शरीराची पाटी आहे. रक्त कमी पडो, लोह घटो, साखर वाढो, पुष्कळदा आतलं बाहेर इथे उमटतं.

रक्त तपासलं. बी-ट्वेल्व्ह नावाचं जे जीवनसत्त्व असतं ते माझ्यात नावापुरतंच उरलं आहे. आपल्यासारख्यांना ते मिळतं मुख्यतः दुधातून, आणि पित्ताच्या गोळ्या असलेलंही अंगी लागू देत नाहीत. त्याच्यावाचून जिभेची साल जाते, ती लाल आणि गुळगुळीत होते, जेवण पोळतं. पुढे पाय बधिर होतात, तोल जातो. आणि फार दिवस दुर्लक्ष झालं तर, डॉक्टर म्हणाले, माणूस विसरायला लागतो.

इथे माझा विनोद संपला. घरी येऊन तुझं पत्र पुन्हा काढलं. वरणभात पोळतो. भिंतीला हात लावून चालते. तुला कुसुम म्हणाली.

भैरवी, माईची जीभ बघ. आजच बघ आणि रक्त तपासायला दे. वय झालं हे निदान नव्हे, हे वसंतरावांना माझा नमस्कार सांगून मग सांग.

तुझा दादा


मलकापूर,
३० जुलै २०२५

ती. दादास सा. न. वि. वि.

जीभ दाखव म्हटलं तर माईने दाखवली नाही. लहानपणी जीभ दाखवली म्हणून मी तुम्हाला मारत होते आणि आता म्हातारपणी मीच दाखवू का, म्हणाली. शेवटी आरशात बघून मी माझी बाहेर काढली, तेव्हा हसत हसत तिनेही काढली. दादा, लालभडक आहे रे. आणि अशी गुळगुळीत, की घासून ठेवलेली फरशी. एवढे दिवस रोज तिला जेवायला वाढते आणि मी एकदाही बघितली नाही.

रक्त दिलं. तुझं बरं म्हणायची पाळी आहे, तिचं तुझ्याहून खाली गेलंय. इथल्या डॉक्टरांनी लगेच इंजेक्शनं लिहून दिली. इथवर सगळं नीट झालं आणि मग मी माती खाल्ली. माईने विचारलं, त्या सुईत काय असतं? मी शाळेत सांगते तसं समजावून सांगायला गेले. म्हटलं, दुधातून जे सत्त्व मिळतं ना, तेच असतं. झालं. पदरात हात गुंडाळून बसली. काशीत सोडलंय ते दंडातून घेऊ काय, म्हणाली. नर्स दोनदा येऊन परत गेली. यांनी समजावलं, मी रडले, चिमणाबाईने देवाची शपथ घातली. माझं नाव तिला आठवत नाही, पण नेम कसा पक्का आठवतो बघ.

सगळे माझ्यावर चिडलेत आणि मी तुझ्यावर चिडले आहे. तर्क तुझा होता, तूच सोडव. आणि खरं सांग, डॉक्टरांनी सांगून तू तरी दूध घ्यायला लागलास का?

तुझी,
भैरवी


कोल्हापूर,
३ ऑगस्ट २०२५

चि. सौ. भैरवीस आशीर्वाद.

नाही लागलो. इंजेक्शनं घेतो, चहा काळाच पितो. माईने नेम माझ्यामुळे धरला, तिच्याआधी मी कसा सोडू? याला कोणतं शास्त्र म्हणायचं ते मला ठाऊक नाही. पूर्णिमा त्याला मूर्खपणा म्हणते.

खालचा मजकूर माईला मोठ्याने वाचून दाखव.

ती. माईस सा. न. ज्या गोष्टींनी व्रत मोडत नाही अशा आठ गोष्टी शास्त्रात सांगून ठेवल्या आहेत. त्यांत औषध आहे. आणि गंमत म्हणजे त्यांत दूधही आहे. घाटावर मला हे आठवायला हवं होतं, पण तेव्हा मला वाद जिंकायचा होता. तेव्हा इंजेक्शन घे, ते औषध आहे. आणि कपभर दूधही घे, तुझा नेम जागचा हलत नाही. तू घेतलंस की मीही घेईन. गुरुजींना मी गप्प केलं होतं, तुला करता येणार नाही, म्हणून नुसती विनंती करतो.

तुझा दत्तू


मलकापूर,
२४ ऑगस्ट २०२५

ती. दादास सा. न. वि. वि.

मुद्दाम उशिरा लिहिते आहे. आधी काही सांगण्यासारखं घडू दे म्हटलं.

तुझं पत्र वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "शब्द मी शास्त्राला दिलेला नाही, विश्वेश्वराला दिलाय." मी कपाळाला हात लावला. पण थोड्या वेळाने स्वतःच पदरातून हात काढला आणि म्हणाली, दत्तू एवढं लिहितो तर टोच म्हणावं. औषध तेवढं चालेल, दूध नाही. त्या दिवसापासून इंजेक्शनं चालू आहेत. जीभ सुधारली. आता वरणभात पोळत नाही, उलट काल आमटी सपक झाली म्हणून मला बोलली. चटणीचा खटला निकालात निघाला समज. चालणं अजून तसंच आहे. नावांचा घोळही आहे. डॉक्टर म्हणतात, काही महिने जातील, किती भरून येईल ते आत्ताच सांगता येत नाही. मी त्यांच्यावरही चिडले. सांगता येत नाही, हे तर मलाही सांगता येतं.

पण आता खरी बातमी ऐक. आज सकाळी माई भिंत धरत स्वयंपाकघरात आली, कपात बघितलं आणि म्हणाली, "माझा चहा काळा का गं? या घरात मला दूध मिळत नाही होय?" मी दूध घातलं. सगळा कप प्यायली, ओठ पुसले, आणि आणखी आहे का विचारलं. चिमणाबाई दारातच होती, तिने तर म्हशीच्या नावाने पेढे वाटायचं ठरवलंय. दादा, एवढी वर्षं कुणाला जमलं नाही ते तुझ्या पत्राने केलं. उशिरा का होईना, पटलं तिला. जिंकलास. आता तूही दुधाचा चहा घे आणि वहिनीला सुखाने झोपू दे.

तुझी,
भैरवी


कोल्हापूर,
२८ ऑगस्ट २०२५

चि. सौ. भैरवीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पूर्णिमाने मोठ्याने वाचलं आणि वाचता वाचताच चहात दूध ओतलं. कप समोर ठेवला. मी सायीकडे बघत बसलो. चहा निवला, तिने उचलून नेला.

माझी जीभ आता पूर्ववत आहे, मुलांना त्याचं फारसं सुख नाही. विजयसिंह गुण पांढऱ्या रश्श्याचाच मानतात, मी तो प्यायलो नाही हा तपशील त्यांनी सोडून दिला आहे.

तुझ्या आनंदात माती कालवायची नव्हती, म्हणून दोन दिवस हे पत्र लिहिलं नाही. पण तुझ्याशिवाय कुणाला सांगू? माईला पटलेलं नाही, भैरवी. पटलं असतं तर तिने आधी देवाला हात जोडले असते, तुला दोन शब्द सुनावले असते आणि दत्तूला कळव म्हणाली असती. चहा काळा का, असं ती विचारते आहे. काशी तिच्यातून गेली. ज्या गोष्टीसाठी मी महिनाभर सगळ्यांवर चिडलो ती अशी घडली, आणि आता मला ती नको आहे.

तू एक कर. निवांत बसलेली असली की काशीचं सहज विचार. मुद्दाम मोडला नेम, तुमचंच ऐकलं, असं म्हणून ती भांडली तर लगेच टाकीपाशी जा आणि फोन कर, मी इथे पेढे वाटतो. कुठली काशी, असं म्हणाली तर चार दिवस काही लिहू नकोस.

दूध देत जा. इंजेक्शन चुकवू नकोस. मला फार भीती वाटते आहे, की तिची जीभ बरी होईल, पाय बरे होतील, आणि मी तिथे येऊन समोर उभा राहीन तेव्हा ती मला विचारेल, पावणं कुठलं?

तुझा दादा