एकवीस दिवसांची पेस्ट

मंगळवार, १० मार्च

तीर्थस्वरूप काकांना नमस्कार.

इकडे सगळ्यांच्या तब्येती बऱ्या आहेत. तुमचा खोकला कमी झाला असेल. काकूंना नमस्कार सांगा.

आधी मागच्या पत्रातली चूक दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की कॉम्प्युटर जोडून झाला आहे, पण प्रोसेसरवर लावलेली पेस्ट वाळायला एकवीस दिवस लागतात, म्हणून तो बावीस तारखेला सुरू होईल. हे खरं नाही. ती पेस्ट प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला असते, वाळावी म्हणून लावतच नाहीत. तुम्ही इतकी वर्षं रेडिओ आणि टीव्ही उघडता आहात, तुम्हांला हे ठाऊक असणारच. काल तुमचं कार्ड आलं. त्यावर एकच ओळ होती: "एकवीस दिवस कुणी सांगितले?"

कुणी नाही. मी.

बाबांनी मजकूर सांगितला आणि मी फक्त लिहिला, असं म्हणून सुटता आलं असतं. पण बाबांना वाचता येत नाही आणि मला येतं, तेव्हा कागदावरचं खोटं माझंच.

तुम्ही म्हणाला होतात, "दुकानातून तयार घे, सुट्टे भाग जोडणं म्हणजे पोरखेळ नाही." त्यावर बाबा तुम्हांला जे बोलले ते मी इथे पुन्हा लिहीत नाही. तुम्ही चहा अर्धा टाकून गेलात. तेव्हापासून हा कॉम्प्युटर माझा राहिलाच नाही, तो बाबांचा शब्द झाला. एक गोष्ट यातच सांगून टाकते. तुमचा लाल मुठीचा स्क्रूड्रायव्हर हरवलेला नाही. तो आमच्याकडे राहिला होता आणि मी न विचारता वापरला.

भाग मी नीट निवडले होते. प्रोसेसर कुठल्या मदरबोर्डवर बसतो, रॅम कुठली चालते, पॉवर सप्लाय किती लागेल, सगळं वहीत लिहून तीनदा ताडून पाहिलं. दुकानदाराला अकरा वेळा फोन केला. शेवटी तो म्हणाला, "ताई, तुम्हीच दुकानात बसा, मी घरी जातो." हे सगळं ज्यात बसवायचं ती कॅबिनेट मात्र बाबांनी निवडली. फरशी बसवण्याआधी वाजवून बघतात तशी त्यांनी प्रत्येक कॅबिनेट बोटाच्या पेरानं वाजवली.

"पोकळ वाजतेय."

"आत काही नाहीच मालक, पोकळच वाजणार."

"मग भरलेली दाखव."

शेवटी सगळ्यांत जड होती ती घेतली. दोघांनी धरून आणली. माझा मदरबोर्ड तिच्यात मोठ्या भावाचा सदरा घातलेल्या पोरासारखा दिसतो.

एक तारखेला, रविवारी, सगळं जोडलं. बाबा शेजारी हात मागे बांधून उभे होते. पेस्टचा थेंब लावला तेव्हा वाकून म्हणाले, "हा मसाला सुकायला किती दिवस?" मी म्हणाले, "तुमच्या स्लॅबला किती लागतात?" ते म्हणाले, "एकवीस तरी टेकू काढत नाही." मी म्हणाले, "याला पण तेवढेच."

काका, मी शाळेत कधी उत्तर बघून लिहिलं नाही. बसमध्ये कंडक्टर तिकीट द्यायला आला नाही तर मी उतरून त्याला शोधते. आणि हे मी इतक्या सहज बोलले की माझंच मला आश्चर्य वाटलं.

पुढचं ऐका. कॉम्प्युटरच्या खोलीत मिक्सर लावायला बंदी झाली, कारण हादरे बसतात. आई चटणी वाटायला शेजारी जाते. बाबा तिथून पाय न वाजवता चालतात. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर बाबा ओलं पोतं घेऊन उभे.

"काठावरून थोडं पाणी मारू?"

"बाबा, नको! याला पाणी चालत नाही!"

"पाण्याशिवाय पकड कशी येईल?"

त्या दिवशी मी कॉम्प्युटर कपाटावर चढवला. एकटीनं. भीतीनं ताकद येते हे खरं आहे.

आता तुम्ही विचाराल, बटण का नाही दाबलं? हेच लिहायचं टाळते आहे, म्हणून मिक्सरचं सांगत बसले.

प्रोसेसर चौकटीत ठेवून वरची दांडी खाली दाबावी लागते. पुस्तिकेत लिहिलंय, थोडा जोर लागेल. थोडा म्हणजे किती, ते लिहिलेलं नाही. मी दाबली आणि कर्रकन वाजलं. तसं वाजायचंच असतं की काही मोडलं, मला माहीत नाही. दुकानदाराला बारावा फोन करून विचारायची हिंमत झाली नाही. बाबांनी विचारलं, "काय वाजलं गं?" मी म्हणाले, "खुर्ची."

मोडला असेल तर मला घरून नकाशे काढायचं काम मिळणार नाही, ते मी सोसेन. पण पोरगी जोडून दाखवेल, असा शब्द बाबांनी तुमच्यासमोर माझ्या भरवशावर दिला आहे. घरात आलेला प्रत्येक कागद ते माझ्यापुढे धरतात आणि मी म्हणेन ते खरं मानतात. त्यांच्यापुढे माझं कधी काही चुकलेलं नाही.

काल रात्री जेवताना बाबा त्याच खुर्चीवर बसले. पुढे झुकले, मागे झुकले, जोरात डुलले. मग ताटात बघत म्हणाले, "ही खुर्ची पुन्हा वाजली नाही हो." एवढंच. आणि भाकरी मोडली.

भांडी घासताना आईनं मला सांगितलं की बाबांनी स्वतःच्या हिमतीवर पहिला स्लॅब टाकला तेव्हा एकविसाचे चाळीस दिवस केले होते. रोज टेकूंपाशी जायचे आणि परत यायचे. आणि घरमालकाला रोज नवी थाप तुम्ही मारायचात, "अजून ओल आहे, साहेब." हे खरं का, काका? तो स्लॅब अजून उभा आहे म्हणे.

मी चाळीस करणार नाही. एकवीसही नाही, कारण ते पूर्ण केले तर खोटंच पूर्ण केल्यासारखं होईल. आधी बाबांना पेस्टचं आणि खुर्चीचं सांगेन, मग त्यांच्यासमोर बटण दाबेन. चालू झाला नाही तर काय करायचं, ते तुम्हांला कळतं, मला नाही. मी तुम्हांला हे पत्र लिहिते आहे, हे बाबांना माहीत नाही. पण काल कार्ड वाचून दाखवल्यावर त्यांनी ते मागून घेतलं आणि खिशात ठेवलं.

तुमचा स्क्रूड्रायव्हर पुसून ठेवला आहे. टपालानं पाठवणार नाही, तुम्हीच येऊन घ्या.

तुमची पुतणी,
जिला तुम्ही मास्तरीणबाई म्हणता आणि जिनं तुम्हांला खोटं लिहिलं

ता. क. बावीस तारीख खोडावी. रविवार, १५ मार्च, सकाळी दहा वाजता.