गोळी देणारा हात

प्रिय बाबूरावजी,
सप्रेम जयभीम.

आपला ज्ञानदीप गेल्यावर त्याच्या जलदान विधीत तुम्ही सगळ्यांसमोर त्याच्या आईला, जयाला म्हणालात, "गोळ्या तूच खिलवल्यास," आणि महूला तुमच्या भावाकडे निघून गेलात. मी तिचा भाऊ आहे आणि औषधशास्त्र शिकवतो, म्हणून नीट समजावून सांगतो.

कोणी नसताना त्याला ऐकू येणारे आवाज थांबवणारी ती गोळी योग्य होती, मात्राही योग्य होती. क्वचित एखादे शरीर मात्र औषधालाच शत्रू समजते. मग रक्तातील रक्षक पेशी हृदयाच्या स्नायूत शिरतात, स्नायू सुजतो आणि त्याला रक्त पुढे ढकलवत नाही. शरीराची ही संरक्षणव्यवस्था मी दरवर्षी वर्गात रंगून शिकवतो. यंदा मध्येच थांबलो.

ही सूज बहुधा औषध सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात येते आणि आरंभी साध्या तापासारखी दिसते. जयाला शंका आली होती. ती डॉक्टरांना फोन करणार होती, तेव्हा तुम्ही म्हणालात, "अगं, वायरल आहे, पूर्ण भंवरकुआ मोहल्ल्यात चालू आहे. गोळी बंद नको करवूस, पोरगा कितीक दिवसांनी हसतोय." कोणताही बाप हेच म्हणाला असता.

इथवर लिहिलेले मी जयाला वाचून दाखवले. ती म्हणाली, "दादा, हे पाठवू नको. माझ्यावर रागावलेत तोवर जेवतात तरी. हे कळलं तर स्वतःला काय म्हणतील?"

तरीही मी पुढे लिहितो आहे. संबोधी रोज संध्याकाळी तुम्हाला फोन करते तो आईच्या सांगण्यावरून. बाबा जेवले, हे लेकीकडून कळल्याशिवाय जया ताटावर बसत नाही.

तुमचा,
मिलिंद